पिक अप म्हणजे नक्की काय काय उचलायचं?

मॅडम, नमस्कार. मालवण तालुक्यात समुद्रालगत आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. सासूबाई स्वयंपाकाचं बघतात, पाहुण्यांचे फोन आणि मेसेज मी बघते. माझं शिक्षण सगळं मराठी माध्यमात झालं. गेल्या हंगामात एक इंग्रज जोडपं राहायला होतं. सकाळी बाईंचा मेसेज आला, ‘आय थिंक आय पिक्ड अप अ बग इन हंपी.’ मला वाटलं, सामानातून किंवा खोलीत किडा निघाला. मी चादरी बदलल्या, औषध फवारलं, तीनदा माफी मागितली. सासूबाई आपल्या विचारतायत, ‘खंय आसा तो किडो?’ दुपारी कळलं की बाईंना ताप होता आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. फार वाईट वाटलं. मग मोबाईलवर ‘पिक अप’चे अर्थ शोधले, तर यादी संपेचना. एका क्लासवाल्यांनी सांगितलंय, असे पाचशे फ्रेजल व्हर्ब पाठ करून घेऊ. करू का पाठ? की मला इंग्रजी जमणारच नाही?
– एक वाचक, मालवण तालुका

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. इंग्रजी तुम्हाला जमतंय. परक्या देशातली माणसं तुमच्याशी मेसेजवर बोलून खोली ठरवतात, तुमच्या दारापर्यंत पोचतात, जेवतात, राहतात. हे सगळं तुमच्याच इंग्रजीवर चाललंय. तुम्ही जिथे अडलात, तिथे भलेभले अडतात. सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजीचा मोठा शब्दकोश १७५५ साली लंडनमध्ये निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदाच्या पुढे एखादा छोटा शब्द लावून अर्थ पालटण्याची रीत (हेच ते फ्रेजल व्हर्ब) इंग्रजीत फार आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑन’, ‘ब्रेक ऑफ’ अशी उदाहरणं त्यांनी तेव्हाच दिली होती. तेव्हा ही अडचण तुमच्या माध्यमाची किंवा बुद्धीची नाही, हे मनात पक्कं करा आणि मगच पुढचं वाचा.

त्या मेसेजचा अर्थ असा होता: ‘हंपीला असताना मला कसली तरी लागण झालीय बहुतेक.’ बोलण्यातल्या इंग्रजीत ‘बग’ म्हणजे पोटाचा किंवा सर्दीतापाचा किरकोळ संसर्ग. तो ‘पिक अप’ करणं म्हणजे नकळत तो अंगात येणं. पुढच्या वेळी असा मेसेज आला की ‘सॉरी टू हिअर दॅट. शुड आय कॉल अ डॉक्टर? वुड यू लाइक सम राइस पेज?’ एवढं लिहिलंत तरी पाहुण्याला धीर येईल. पेज म्हणजे काय ते कळलं नाही, तर ‘सॉफ्ट राइस सूप’ म्हणा. ताप आलेल्या माणसाला तेच हवं असतं.

आता पाठांतराचं. करू नका. का, ते तुमच्याच बोलण्यातून दाखवते.

होडी देवबागच्या किनाऱ्याला लागली. पाहुण्यांना होडी लागली. क्रियापद तेच, पण पहिलं ऐकून तुम्ही दोर धरायला पुढे होता आणि दुसरं ऐकून लिंबू शोधायला आत जाता. कसालहून मालवणला येताना वाटेत कट्टा गाव लागतं. फणस लागले. शेजारच्या मुलाला नोकरी लागली. कढी आंबट लागते. रेंज नसली की फोन लागत नाही. पोराला मोबाईलची सवय लागली. हे सगळे ‘लागणे’चे अर्थ तुम्हाला कुणी यादी देऊन शिकवले होते का? आजूबाजूला कोणता शब्द आहे, त्यावरून अर्थ ठरतो, हे तुमच्या कानाने लहानपणीच ओळखलं. ‘पिक अप’चंही तसंच आहे. एकटं ‘पिक अप’ समोर ठेवून अर्थ विचारला, तर इंग्रजालासुद्धा एक सरळ उत्तर देता येणार नाही. तो विचारेल, कशाच्या संदर्भात? म्हणून पूर्ण वाक्य घ्यायचं आणि त्यातल्या शेजारच्या शब्दाकडे आधी बघायचं.

तुमचं निम्मं काम मराठीने आधीच करून ठेवलंय, ही यातली आनंदाची गोष्ट. ‘पिक अप’ला सरळ मराठी शब्द ‘उचलणे’. आपण फक्त हंडा किंवा टोपली उचलत नाही. आपण फोन उचलतो. एखाद्याचा खर्च उचलतो. व्यापारी माल उचलतो. पोलीस संशयिताला उचलतात. भजनात एकदा ऐकलेली चाल कुणी पटकन उचलतो, आणि मुंबईहून सुट्टीला आलेली पोरं आठवड्याभरात मालवणी उचलतात. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘पिक अप’ चालतं. ‘ही इज नॉट पिकिंग अप हिज फोन.’ ‘वुइ विल पिक अप द बिल.’ ‘द पोलीस पिक्ड हिम अप.’ ‘द किड्स हॅव पिक्ड अप सम मालवणी.’ एकाही वाक्यासाठी नवा अर्थ शिकायची गरज नाही. मेसेजमध्ये ‘पिक अप’ दिसलं की आधी मनात ‘उचलणे’ घालून बघा. बसलं, तर काम झालं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच क्रियेतून इतके अर्थ काढले, याचं मला शिकवायला लागल्यापासून आजपर्यंत अप्रूप वाटत आलंय. वजनदार वस्तू हाताने वर घेणं हा अनुभव सगळ्या माणसांचा सारखाच, म्हणून असेल.

फक्त बिलाच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. पाहुणा म्हणाला ‘वुइ विल पिक अप द टॅब फॉर द ड्रायव्हर्स लंच’, तर ड्रायव्हरच्या जेवणाचे पैसे ते देणार आहेत. ‘टॅब’ म्हणजे इथे हॉटेलातलं बिल. टॅबलेट किंवा गोळी समजून घोटाळा होऊ शकतो. आणि आपण आगाऊ पैशाला ‘उचल’ म्हणतो, त्या उचलीचा ‘पिक अप’शी संबंध नाही. ती ‘ॲडव्हान्स’.

‘उचलणे’ बसलं नाही तर ‘लागणे’ घालून बघा. आजार, सवय, बोलण्याचा ढंग, रेडिओचं किंवा मोबाईलचं सिग्नल: या गोष्टी कुणी मुद्दाम उचलत नाही, त्या आपसूक येऊन चिकटतात. आपण संसर्गाला ‘लागण’ म्हणतो ते यातूनच. ‘आय पिक्ड अप अ कोल्ड ऑन द ट्रेन’ म्हणजे गाडीत सर्दी लागली. ‘ही पिक्ड अप अ बॅड हॅबिट’ म्हणजे वाईट सवय लागली. ‘माय फोन पिक्स अप अ सिग्नल ओन्ली ऑन युवर टेरेस’ म्हणजे रेंज फक्त तुमच्या गच्चीवर येते. हा शेवटचा मेसेज तुम्हाला कधी ना कधी येईलच. त्यात तक्रार असेलच असं नाही. वाय-फायचा पासवर्ड पाठवून दिलात की भागतं.

दोन्ही बसले नाहीत तर वाक्याला विचारा, काय उचललं? कुणाला उचललं? उत्तर मिळालं नाही, म्हणजे ‘पिक अप’च्या पुढे काहीच नाही, तर बहुतेक वेळा अर्थ ‘जोर धरणे’ किंवा ‘सुधारणे’ असा असतो. तुमच्या किनाऱ्यावर हा अर्थ फार महत्त्वाचा आहे. ‘द विंड पिक्स अप आफ्टर नून.’ इथे वारा काही उचलत नाही, तो स्वतःच वाढतो. सकाळी समुद्र शांत असतो. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते. हा खारा वारा दुपारी जोर धरतो, हे तुमच्याकडच्या होडीवाल्यांना कुणी सांगायला नको. डॉल्फिन बघायला गेलेल्या पाहुण्याचा मेसेज आला, ‘बोटमन सेज द विंड इज पिकिंग अप, सो वुइ आर कमिंग बॅक अर्ली’, तर ती मंडळी लवकर परत येतायत. जेवण तासभर आधी लागेल. इथे ‘कुणाला तरी आणायला जायचंय’ असा अर्थ घेऊन रिक्षा पाठवलीत, तर पैसे फुकट जातील.

याच अर्थाने धंदा ‘पिक अप’ होतो, तब्येत ‘पिक अप’ होते, विक्री ‘पिक अप’ होते. ‘होप बिझनेस पिक्स अप आफ्टर द रेन्स’ ही पाहुण्याची शुभेच्छा आहे. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, हे माहीत असणारा माणूस असं मनापासून लिहितो. त्या शुभेच्छेला ‘थँक यू, इट युज्वली पिक्स अप अराउंड दिवाळी’ असं उत्तर द्या. मासळीबद्दल विचारलं, तर हेच वाक्य फिरवून वापरा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा ‘द फिश सप्लाय पिक्स अप इन ऑगस्ट’ म्हटलंत की जूनमध्ये सुरमई का मिळत नाही, हे पाहुण्याला रागावायच्या आत कळेल.

ही कसोटी दोन ठिकाणी फसते, तेवढ्या जागा ओळखून ठेवा. पहिली फोनची. ‘आय कॉल्ड ट्वाइस बट यू डिडन्ट पिक अप.’ पुढे काही नाही, तरी अर्थ फोन उचलण्याचाच. ‘कॉल’ किंवा ‘रिंग’ जवळपास असतंच, त्यावरून ओळखायचं. दुसरी जागा वेगाची. ‘द ट्रेन पिक्ड अप स्पीड आफ्टर कणकवली.’ इथे पुढे ‘स्पीड’ आहे, पण वेग कुणी हातात घेत नाही. गाडीने वेग घेतला, एवढंच. आपले मेकॅनिक ‘बाईकला पिकअप नाही’ म्हणतात, ते याच अर्थाच्या जवळचं. तेव्हा हा अर्थ तुम्ही शाळेत नाही, तर गॅरेजमध्ये आधीच शिकलेल्या आहात.

आता ज्याने तुमचा रोजचा धंदा चालतो, तो अर्थ: माणसाला जाऊन घेऊन येणं. ‘कुड यू पिक अस अप?’ हा प्रश्न तुम्हाला समजतो, यात शंका नाही. पण त्यात तीन गोष्टी सांगितलेल्या नसतात: कुठून, किती वाजता आणि पैसे कुणाचे. ‘पिक अप’ म्हणजे फुकट असं कुठेही ठरलेलं नाही आणि पैसे घेऊन असंही नाही. म्हणून उत्तरात तिन्ही लिहा. जागेचं जरा जास्तच स्पष्ट लिहा. मालवणला रेल्वे नाही. पाहुणे कुडाळला उतरतात, कणकवलीला उतरतात, आणि काही जण नकाशात नाव बघून ‘सिंधुदुर्ग’ स्टेशनचं तिकीट काढतात. त्यांना वाटतं, स्टेशनबाहेर आलो की समोर किल्ला. ते स्टेशन ओरोसला आहे आणि किल्ला मालवणच्या समुद्रात. कोण चिपीच्या विमानतळावर उतरतं, कोण गोव्याहून गाडीने येतं. तेव्हा ‘ओके, वुइ विल पिक यू अप’ एवढंच लिहून थांबू नका. ‘आवर ड्रायव्हर विल मीट यू आउटसाइड कुडाळ स्टेशन ॲट ११. द फेअर इज’ असं लिहून पुढे तुमचा दर टाका. त्या वाक्यात ‘पिक अप’ आलंच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी मुद्दाम टाळलं.

याला कारण आहे. समजण्याचं इंग्रजी आणि वापरण्याचं इंग्रजी या दोन वेगळ्या शिदोऱ्या आहेत. दुसऱ्याने ‘पिक अप’ कोणत्याही अर्थाने लिहिलं तरी तुम्हाला समजायला हवं, कारण काय लिहायचं हे ठरवणं तुमच्या हातात नाही. पण तुम्ही लिहिताना साधं, एकाच अर्थाचं क्रियापद वापरायला पूर्ण मोकळ्या आहात. भेटायला ‘मीट’, विकत घ्यायला ‘बाय’, वाढायला ‘इनक्रीज’. त्यात कमीपणा काही नाही. उलट जर्मनीचा किंवा कोरियाचा पाहुणा आला, तर त्याचीही मातृभाषा इंग्रजी नसते आणि त्याला तुमचं साधं क्रियापदच सोयीचं पडतं. माझं मत विचाराल तर, ‘पिक अप’ स्वतः वापरायचंच असेल तर तीनच अर्थांनी वापरा: फोन उचलणं, माणसाला आणणं आणि वाऱ्याचा किंवा धंद्याचा जोर. बाकीचे नुसते ओळखता आले तरी पुष्कळ झालं.

‘ड्रॉप’चंही इथेच सांगून टाकते. आपल्याकडे ‘पिकअप-ड्रॉप’ ही जोडगोळी पाटीवर लिहितात आणि ती सगळ्यांना कळते. पण इंग्रज माणूस ‘ड्रॉप अस ऑफ ॲट द स्टेशन’ असं म्हणतो, बहुतेकदा ‘ऑफ’सकट. नुसत्या ‘ड्रॉप’चा मूळ अर्थ खाली टाकणं किंवा हातातून निसटणं, पण ‘ड्रॉप अस ॲट द स्टेशन’ही चालतं. तुम्ही ‘ऑफ’ विसरलात तरी तो समजून घेईल. त्याने वापरलं, तर तुम्ही गोंधळू नका.

येता-जाता एखादी वस्तू विकत घेणं, हाही ‘पिक अप’च. ‘कॅन यू पिक अप सम ब्रेड ऑन युवर वे?’ म्हणजे येताना पाव घेऊन या. यात उचलण्यापेक्षा पैसे मोजणं महत्त्वाचं, म्हणून पावती ठेवा आणि बिलात जोडा. ‘वुइ पिक्ड अप अ लव्हली वुडन टॉय इन सावंतवाडी’ असं कुणी म्हणालं, तर त्यांनी लाकडी खेळणं विकत घेतलंय. चोरी-बिरी काही नाही. या प्रयोगात ‘सहज, जाता जाता घेतलं’ अशी छटा असते. दुकानात दोन तास घासाघीस करून घेतलेल्या वस्तूला सहसा असं म्हणत नाहीत.

बाग असेल तर पुढचं नीट वाचा. ‘पिक’ आणि ‘पिक अप’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हापूसच्या दिवसांत हा फरक महागात पडू शकतो. ‘पिक अ मँगो’ म्हणजे झाडावरून तोडणं. ‘पिक अप अ मँगो’ म्हणजे खाली पडलेला उचलणं. पाहुण्यांच्या मुलांनी ‘मे वुइ पिक सम मँगोज?’ असं विचारलं आणि तुम्ही रायवळाखाली पडलेले आंबे डोळ्यांसमोर आणून ‘येस’ म्हणालात, तर ती पोरं थेट कलमावर चढतील. बाजाराचा हापूस झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने, देठासकट, जपून काढावा लागतो. देठ तुटला की चीक सालीवर ओघळून डाग पडतो, आणि खाली आदळलेला आंबा आतून खराब होतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला तयार केला, तो आंबा देठासकट निघावा म्हणूनच. तेव्हा उत्तर द्या, ‘यू मे पिक अप द फॉलन वन्स, बट प्लीज डोन्ट पिक फ्रॉम द ट्रीज.’ हे वाक्य एका कागदावर छापून बागेच्या फाटकाला लावलंत तरी चालेल. एका ‘अप’मुळे कलमं वाचतील.

दुसऱ्या एका पाटीसाठीही ‘पिक अप’ कामाचं आहे. ‘प्लीज पिक अप आफ्टर युवरसेल्फ’ म्हणजे आपण केलेला पसारा किंवा कचरा आपणच आवरा. किनाऱ्यावर बाटल्या आणि वेफरच्या पिशव्या टाकून जाणाऱ्यांसाठी हे वाक्य सभ्य आहे आणि पुरेसं ठामही आहे. पाहुण्यांच्या तोंडीही येईल: ‘सॉरी, आय शुड हॅव पिक्ड अप आफ्टर द किड्स.’ पोरांनी खोलीत केलेला राडा मी आवरायला हवा होता, असं त्या आई म्हणतायत.

एक अर्थ लाजून सांगायचा राहू नये, म्हणून स्पष्ट सांगते. दारूच्या बारमध्ये किंवा पार्टीत अनोळखी माणसाशी सलगी करून त्याला किंवा तिला सोबत नेणं, यालाही ‘पिक समवन अप’ म्हणतात. तसला संवाद सुरू करायच्या ठरावीक वाक्यांना ‘पिक-अप लाइन’ म्हणतात. स्टेशन, विमानतळ, हॉटेल, वेळ असे शब्द शेजारी असले की तो अर्थ मनात येत नाही. पण रात्री उशिरा, ओळख नसलेल्या नंबरवरून, जागा न सांगता ‘कॅन आय पिक यू अप?’ असा मेसेज आला, तर त्याला उत्तर द्यायला तुम्ही बांधलेल्या नाही. घरच्यांना दाखवा आणि नंबर ब्लॉक करा. आणि तुमच्या बाजूने कुणा पाहुण्याला लिहाल, तेव्हा ‘फ्रॉम कुडाळ स्टेशन’ असं ठिकाण कायम जोडा. मग गैरसमजाला जागा उरत नाही.

बाकीचं थोडक्यात. ‘लेट्स पिक अप व्हेअर वुइ लेफ्ट ऑफ’ म्हणजे जिथे थांबलो होतो तिथून पुढे सुरू करू. परत येणारे जुने पाहुणे हे लिहितात. ‘पिक अप ऑन’ म्हणजे न सांगता ओळखणं: ‘शी पिक्ड अप ऑन माय वरी’, माझी काळजी तिने ओळखली. तुमच्या सासूबाईंच्या सोलकढीचा पेला संपवून कुणी ‘दॅट वॉज अ रिअल पिक-मी-अप’ म्हणालं, तर त्यांना ते मालवणीत सांगाच. तरतरी आणणाऱ्या पेयाला म्हणतात ते.

आता वाक्यरचनेचा एकच नियम सांगते. तो एक पाळलात, तरी तुमचं इंग्रजी कानाला बरोबर लागेल. ‘मी, यू, हिम, हर, इट, अस, देम’ हे छोटे शब्द नेहमी मध्ये बसतात. ‘पिक देम अप’, ‘पिक इट अप’, ‘पिक अस अप’. ‘पिक अप देम’ चूक. नाव असेल तर दोन्हीकडे चालतं: ‘पिक अप द बॅग’ किंवा ‘पिक द बॅग अप’. पण लांबलचक वर्णन मध्ये घालू नका. ‘पिक अप द टू ब्लॅक बॅग्ज निअर द टुलसी प्लांट’ असं सरळ शेवटीच येऊ दे.

फोनवर ऐकताना हे मधले शब्द चिकटून येतात, म्हणून कळत नाहीत. ‘पिक इट अप’ हे कानाला ‘पिकिटप’ ऐकू येतं, ‘पिक अस अप’ हे ‘पिकसप’. तुम्हाला ऐकू येत नाही असं नसतं, शब्द खरोखरच असे चिकटून येतात. जोर कुठे दिलाय तेही ऐका. क्रिया असेल तर जोर ‘अप’वर पडतो. ‘पिकअप’ हे नाम असेल, म्हणजे मागे हौदा असलेली गाडी किंवा स्टेशनवरची ने-आण, तर जोर ‘पिक’वर. पाहुणा ‘इज द पिकअप ॲट इलेव्हन?’ असं विचारतो, तेव्हा तो ठरलेल्या फेरीबद्दल बोलत असतो.

समजलं नाही तर विचारायचं कसं, हे तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, पण चादरी बदलण्याच्या दिवशी तुम्हाला तेच हवं होतं. ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ एवढंच म्हटलं तर समोरचा तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हणतो. त्याऐवजी तुम्हाला लागलेला अर्थ त्याच्यासमोर ठेवा: ‘डू यू मीन देअर इज ॲन इन्सेक्ट इन द रूम?’ बाई लगेच म्हणाल्या असत्या, ‘नो, नो, आय मीन आय ॲम इल.’ अर्ध्या मिनिटाचं काम. चुकीचा अंदाजसुद्धा उपयोगी पडतो, फक्त तो मनात न ठेवता विचारून टाकायचा.

राहता राहिला क्लास. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. चांगला शिक्षक मिळाला तर बोलण्याची भीड चेपते आणि तुम्हाला बोलायचं काम रोजचं आहे. पण फी भरण्याआधी एक करा. तुमच्या मोबाईलमधले पाहुण्यांचे वीस-पंचवीस मेसेज एका वहीत उतरवून घ्या. नावं, नंबर, तारखा वगळा, ती पाहुण्यांची खाजगी गोष्ट. ज्या वाक्यात अडलात त्याखाली रेघ मारा. ती वही घेऊन क्लासच्या शिक्षकांकडे जा आणि विचारा, ‘हे शिकवाल का?’ त्यांनी वही उघडून पहिल्याच वाक्यावर तुमच्याशी बोलायला सुरुवात केली, तर खुशाल पैसे भरा. त्यांनी वही बाजूला ठेवून पाचशेची यादी पुढे केली, तर नमस्कार करून परत या. मग रोज रात्री एक मेसेज घ्या, मोफत मिळणाऱ्या एखाद्या विद्यार्थीकोशात त्यातला शब्द उदाहरणासकट बघा आणि त्या मेसेजखाली तुमच्या भाषेत, मालवणीत लिहिलंत तरी चालेल, त्याचा अर्थ लिहा. वही भरत आली की मला पुन्हा लिहा. तेव्हा कदाचित ‘पुट अप’ आणि ‘टर्न अप’ने छळायला सुरुवात केलेली असेल. त्यावरही बोलू.